खाजणाची सरकती रेषा

गोव्यातील फोंडा तालुक्यात बांदिवडे नावाचे गाव आहे. तिथे सापडलेला एक ताम्रपट कोकणच्या मौर्य घराण्यातील अनिर्जितवर्मा या राजाचा असून तो साधारण सहाव्या शतकातला मानला जातो. राजाने जमीन दान दिली, एवढ्यापुरता तो इतर शेकडो ताम्रपटांसारखाच आहे. पण दिलेली जमीन वेगळी आहे. ती 'खज्जन' आहे. जंगल साफ करायचे, माणसे वसवायची, बांध घालून खारे पाणी अडवायचे आणि मग पिकवायचे, असा त्या दानाचा आशय. म्हणजे राजाने दिली ती तयार जमीन नव्हती. भरतीला पाण्याखाली आणि ओहोटीला उघडी पडणारी, अर्धी समुद्राची अशी ती जागा होती.

हा शब्द आजही जिवंत आहे. गोव्यात 'खाजन', कोकणात 'खाजण', 'खार', 'खारेपाट'. डहाणूपासून काणकोणपर्यंत प्रत्येक खाडीकाठी अशी जमीन आहे आणि तिचा किमान चौदाशे वर्षांचा लेखी इतिहास आहे. समुद्राची पातळी वाढू लागल्यावर किनाऱ्यावरच्या पशुपक्ष्यांचे, तिवरांचे काय होणार, हा प्रश्न आज नवा वाटतो. पण समुद्र आणि जमीन यांच्यातील रेषा कोणी आखायची, ती कोणी राखायची आणि ती सरकली तर नुकसान कोणाचे, हे प्रश्न या किनाऱ्याला जुने आहेत. खाजणाच्या इतिहासात त्यांची काही उत्तरे आहेत आणि काही इशारेही आहेत.

उघाडीचे गणित

खाजणाचा बांध म्हणजे समुद्राला घातलेली भिंत, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. बांध चिखलाचा, त्याला जांभ्या दगडाचा आधार, पेंढा आणि फांद्यांची मिळवणी. बांधाबाहेर तिवरांची रांग राखलेली, कारण लाटेचा पहिला मार झाडांनी घेतला तर चिखलाचा बांध टिकतो. आणि बांधात ठरावीक ठिकाणी लाकडी झडपांचे दार. त्याला गोव्यात 'मानस' आणि रायगडाकडे 'उघाडी' म्हणतात. भरती चढली की पाण्याच्याच दाबाने झडपा मिटतात. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. पावसाचे पाणी बाहेर जाते, खारे पाणी आत येत नाही.

मात्र खारे पाणी कायमचे बाहेर ठेवणे हा उद्देश कधीच नव्हता. पावसाळ्यात भात निघाले की पुष्कळ ठिकाणी झडपा मुद्दाम उघड्या ठेवून भरती आत घेतली जाई. तिच्याबरोबर कोळंबी, मासे, गाळ येई. गोव्यात मानसीच्या आतल्या बाजूला 'पोंय' नावाचा खोलगट डोह असतो. त्यातली मासळी लिलावाने जाई आणि ते उत्पन्न गावाच्या कामी येई. काही भागात मिठागरे होती. एकाच जमिनीत पावसाळ्यात 'कोरगुट'सारखे खारटपणा सोसणारे भात, हिवाळ्यात मासळी आणि उन्हाळ्यात मीठ, असा हा संसार होता.

ही शेती माणसाने माणसासाठी उभी केली, तरी तिच्यात इतरांनाही जागा होती. कापणीनंतरच्या पाणथळ शेतांत बगळे, तुतवार, चिखले उतरत. पोंयीच्या काठी ऊद, म्हणजे पाणमांजर, शिकार करी. आजही चोडण बेटाच्या परिसरात ते दिसते. कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत. फोंड्याकडच्या दुर्भाट, भोम या भागात पौष अमावास्येला खाजणाच्याच चिखलाची मगर घडवून तिची पूजा करतात. त्या विधीला 'मांगे थापणी' म्हणतात. ज्या बांधावर आपले पोट अवलंबून, त्या बांधाच्या पाण्यातल्या बलवान शेजाऱ्याशी केलेला हा समझोता आहे, असे मला वाटते. त्याला कोणी वन्यजीव संरक्षण म्हणत नव्हते. पण सहवास कसा असतो, हे त्या लोकांना माहीत होते.

काठ कोणाचा?

बांध एकट्याने राखता येत नाही. एका शेतकऱ्याच्या हद्दीत खांड पडली तर उधाणाचे पाणी शंभर जणांच्या शेतात जाते. म्हणून खाजणाचा इतिहास हा मुळात सामुदायिक जबाबदारीचा इतिहास आहे. गोव्यात ती गावकरीकडे होती. अफोंसु मेशिया याने १५२६ मध्ये तयार केलेल्या 'फोराल'मध्ये पोर्तुगीज सत्तेने गावकऱ्यांच्या जुन्या चालीरीती नोंदवून मान्य केल्या. पुढे गावकरीची 'कोमुनिदाद' झाली, तरी बांधाची डागडुजी गावाच्या उत्पन्नातून करण्याची रीत चालू राहिली.

उत्तर कोकणात चित्र थोडे वेगळे होते. जेम्स कॅम्पबेलने संपादित केलेल्या कुलाबा जिल्ह्याच्या १८८३ च्या गॅझेटियरमध्ये 'शिलोत्री' जमिनींचे वर्णन आहे. ज्याने समुद्र हटवून जमीन काढली तो शिलोत्रीदार. बाहेरचा बांध राखण्याची जबाबदारी त्याची, आणि त्यासाठी कुळांकडून बिघ्याला मणाच्या हिशेबाने धान्य घेण्याचा त्याचा हक्क. कागदावर व्यवहार चोख होता. प्रत्यक्षात मण वसूल होई आणि बांधावर चिखल मात्र कुळेच टाकत, अशी तक्रार होती. अलिबागच्या खारेपाटात चरी गावातून नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोतीविरुद्ध झालेला संप १९३३ पासून १९३९ पर्यंत चालला. त्याची चर्चा आपण खोती आणि कूळहक्क या अंगाने करतो, ते योग्यच आहे. पण ज्या जमिनीसाठी हा लढा झाला ती समुद्राकडून मिळवलेली होती आणि दर पावसाळ्यात ती पुन्हा मिळवावी लागत होती, हेही ध्यानात ठेवायला हवे.

याच पट्ट्यात शेतकऱ्यांची 'जोळ' नावाची पद्धत होती. एका बांधाखालचे सगळे शेतकरी मिळून एक जोळ. उधाणाआधी काठ पाहायचा, चिखल टाकायचा, खांड पडली की रात्रीसुद्धा धावायचे. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये मुंबई खारजमीन कायदा आला आणि १९७९ मध्ये महाराष्ट्राचा खारजमीन विकास कायदा. बांधबंदिस्तीची जबाबदारी हळूहळू सरकारी खात्याकडे गेली. गोव्यात १९६४ च्या कूळकायद्याने आणि त्यानंतरच्या दुरुस्त्यांनी कसणाऱ्याला जमिनीचा हक्क मिळाला. दोन्हीकडे न्यायाचे पाऊल पडले यात शंका नाही. पण त्याच वाटेवर एक गोष्ट निसटली. जमीन वैयक्तिक झाली, बांध मात्र सामुदायिकच राहिला, आणि त्याला रोजचा मालक उरला नाही. अंदाजपत्रक मंजूर होण्याची वाट उधाण पाहत नाही.

रेषा पक्की करणारे शहर

खाजणाची रेषा हलती होती. बांध फुटे, पुन्हा घातला जाई, कधी मागे घेतला जाई. हीच रेषा दगडात पक्की करण्याचे काम मुंबईने केले. वरळी आणि महालक्ष्मी यांच्यामधली खिंड बुजवणारा हॉर्नबी वेलार्ड अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधला गेला. 'वेलार्ड' हा शब्द पोर्तुगीज 'वालादु'वरून आला. अर्थ बांध किंवा कुंपण. बांध पुन्हा पुन्हा ढासळत होता आणि देवीच्या मूर्ती समुद्रातून काढून स्थापल्यावरच तो टिकला, ही महालक्ष्मीची आख्यायिका सर्वश्रुत आहे. आख्यायिका बाजूला ठेवली तरी फरक स्पष्ट आहे. या बांधाला उघाडी नव्हती. आत आलेले पाणी पुन्हा बाहेर जाण्याघेण्याचा विचार त्यात नव्हता. सात बेटांमधली खाजणे कायमची जमीन करायची होती. पुढच्या दीडशे वर्षांत त्याच मार्गाने शहर वाढत गेले.

जे उरले ते पूर्वेकडे, ठाण्याच्या खाडीत. शिवडीच्या चिखलावर १९९० च्या दशकात रोहित पक्षी मोठ्या संख्येने येऊ लागले, तेव्हा मुंबईकरांना आपल्याकडे अजून खाजण शिल्लक असल्याची आठवण झाली. ऑगस्ट २०१५ मध्ये सुमारे १,६९० हेक्टर क्षेत्र ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाले आणि २०२२ मध्ये ते रामसर स्थळांच्या यादीत गेले. ही मोठीच गोष्ट आहे. पण अभयारण्याची हद्द नकाशावर असते आणि पक्ष्याचे घड्याळ भरतीचे असते. ओहोटीला तो खाडीच्या चिखलावर चरतो. भरती चढली की चिखल बुडतो आणि त्याला तासचे तास उभे राहायला उथळ पाण्याची, मोकळी, उंच जागा लागते. ती जागा बहुतेक वेळा अभयारण्याच्या हद्दीबाहेर असते: भांडुप-कांजूरची मिठागरे, नेरूळची तळी, उरणकडची पाणथळ शेते. म्हणजेच जुनी खाजणे. मोठ्या उधाणाला मुंबईत भरती साडेचार मीटरच्या वर जाते. तेव्हा अभयारण्यापेक्षा त्याच्या मागची ही दुर्लक्षित जागाच पक्ष्याला अधिक मोलाची असते. त्याच मिठागरांपैकी सुमारे २५६ एकर जमीन धारावी पुनर्विकासातील घरांसाठी देण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला. माणसांना घरे हवीत हे खरे. पण मागची मोकळी जागा म्हणजे 'पडीक' जागा, हे समीकरण वेलार्डच्या काळापासून आपण बदललेले नाही.

कायद्याच्या रेषा

फेब्रुवारी १९९१ मध्ये किनारा नियमन क्षेत्राची, म्हणजे सीआरझेडची, पहिली अधिसूचना निघाली. उच्चतम भरतीरेषेपासून जमिनीकडे ५०० मीटरचा पट्टा तिने नियमनाखाली आणला. किनाऱ्याला काही संरक्षण मिळाले, ही तिची थोरवी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि तिवरे नष्ट केल्याची किंमत शहराच्या लक्षात आली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर तिवरतोडीला मनाई करणारा अंतरिम आदेश दिला. सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालाने तो कायम केला. जमिनीची मालकी कोणाचीही असो, तिवरे आणि त्यांच्याभोवतीचा ५० मीटरचा पट्टा संरक्षित ठरला. राज्यात २०१२ पासून स्वतंत्र कांदळवन कक्ष काम करतो आहे. २०२० मध्ये पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवृक्षाचा मान मिळाला. देशातल्या इतर किनाऱ्यांच्या तुलनेत महाराष्ट्राने तिवरे बरी राखली, हे मान्य करायला हवे.

तरीही या सगळ्या तरतुदींमध्ये एक गृहीत दडलेले आहे: भरतीरेषा जिथे आहे तिथेच राहणार. २०११ च्या अधिसूचनेने हे गृहीत थोडे हलवले होते. तिने 'धोक्याची रेषा' ही कल्पना आणली. पूर, भरती, लाटा, समुद्रपातळीतली वाढ आणि किनाऱ्याचे सरकणे हे सारे हिशेबात घेऊन आखलेली रेषा. उद्याचा किनारा कुठे असेल, हे विचारणारी आपल्या कायद्यातली ती पहिली रेषा होती. २०१९ च्या अधिसूचनेत ती नियमनातून बाजूला काढून आपत्ती व्यवस्थापनाच्या नियोजनापुरती ठेवण्यात आली, आणि दाट वस्तीच्या ग्रामीण भागात बांधकामबंदीचा पट्टा २०० मीटरवरून ५० मीटरवर आला. ज्या काळात किनारा मागे सरकणार हे कळले, त्याच काळात मागची जागा आपण आखडती घेतली.

झाडे चालतात तेव्हा

मुंबईच्या अपोलो बंदरावर १८७८ पासून समुद्रपातळीच्या नोंदी आहेत. आशियातल्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी त्या एक आहेत. जगाच्या पातळीवर पाहिले तर १९०१ ते २०१८ या काळात समुद्र सरासरी २० सेंटिमीटर वर आला. आणि २००६ ते २०१८ या काळात वाढीचा वेग वर्षाला ३.७ मिलिमीटर होता, असे आंतरसरकारी हवामान मंडळाचा सहावा अहवाल सांगतो. आकडे लहान दिसतात. पण खाजणात उतार इतका मंद असतो की पाण्याची उंची वीतभर वाढली तर कड बरीच आत सरकते.

तिवरे यावर दोन उपाय करतात. पहिला म्हणजे उंच होणे. त्यांची श्वसनमुळे गाळ अडवतात आणि पायाखालची जमीन हळूहळू वर चढते. गेल्या दहा हजार वर्षांतल्या गाळाच्या नोंदींवरून २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा निष्कर्ष असा, की पातळीवाढीचा वेग वर्षाला सहा-सात मिलिमीटरच्या पुढे गेला की तिवरांना हा मेळ राखता येत नाही. शिवाय गाळ नदीने आणायचा असतो, आणि नद्यांवर आता धरणे आहेत. दुसरा उपाय म्हणजे मागे सरकणे. समुद्राकडची झाडे मरतात, जमिनीकडे नवी रुजतात. पिढ्यांच्या गतीने अख्खे वन चालत आत येते. मात्र मागे भिंत, रस्ता किंवा भराव असेल तर पुढे समुद्र आणि मागे सिमेंट अशी त्याची कोंडी होते. झाड तोडणारा कोणी दिसत नाही, तरी वन संपते. अशा मृत्यूवर गुन्हा दाखल करता येत नाही.

वाळूच्या किनाऱ्यावर कासवांची कथा हीच आहे. मंडणगड तालुक्यातील वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांबरोबर ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखली; हे काम आता कोकणात अनेक गावी पोहोचले आहे. मादी भरतीरेषेच्या वर कोरड्या वाळूत अंडी घालते. किनारा सरकू लागला आणि मागे धूपप्रतिबंधक बंधारा उभा असला, तर कोरडी वाळूच उरत नाही. अंडी हलवून वाचवता येतील, किनारा हलवून वाचवता येत नाही.

खांड पडल्यावर

तर मग मागची जागा मोकळी ठेवा, असे म्हणणे सोपे आहे. पण ती मागची जागा कोणाची तरी असते. कोकणात बहुतेक ठिकाणी ती खारेपाटातल्या शेतकऱ्याची असते, आणि या प्रश्नाचा सर्वांत अवघड भाग इथेच आहे.

पेण-अलिबागकडे हे घडत आले आहे. बाहेरकाठा फुटतो, दुरुस्ती वेळेवर होत नाही, दोन-चार उधाणे शेतात फिरतात. भात बंद होते. मग मारांडी आणि तिवरे उगवतात आणि काही वर्षांत तिथे दाट कांदळवन उभे राहते. निसर्गाच्या दृष्टीने हेच ते मागे सरकणे. कायद्याच्या दृष्टीने ती आता संरक्षित जागा आहे. सातबारावर मात्र नाव शेतकऱ्याचेच आहे. त्याला ते वन तोडता येत नाही, बांध पूर्वीच्या जागी घालणे कठीण होते, आणि गेलेल्या जमिनीचा मोबदलाही मिळत नाही. जुन्या जोळीत ज्या तिवरांची रांग बांधाची ढाल म्हणून राखली जात होती, ती आता त्याला शत्रू वाटू लागते. उगवलेले रोप कायद्याच्या नजरेत येण्याआधी उपटून टाकावे, असे त्याला वाटले तर दोष त्याच्या एकट्याचा नाही. तिवरे वाचवणारा कायदा जर किनाऱ्यावरच्या माणसालाच तिवरांचा वैरी बनवत असेल, तर तो पुढच्या पन्नास वर्षांसाठी पुरेसा नाही.

इंग्लंडच्या एसेक्स परगण्यातही शतकानुशतके बांधांमागे शेती होती. तिथे १९९५ मध्ये टोल्सबरीला समुद्रबांध मुद्दाम फोडण्यात आला आणि भरती आत घेऊन खारदलदल पुन्हा वाढू दिली. वॉलसी बेटावर २००६ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये हेच मोठ्या प्रमाणावर झाले. लंडनच्या क्रॉसरेल बोगद्यांतून निघालेली सुमारे ३० लाख टन माती बोटींनी नेऊन तिथली खचलेली जमीन आधी उंच केली गेली. त्या देशाची माती, पैसा आणि लोकसंख्या आपल्यासारखी नाही. नक्कल करण्याचा प्रश्नच नाही. पण तिथे माघार ठरवून घेतली गेली आणि जमीन रीतसर विकत घेतली गेली, या दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. आपल्याकडेही माघार चालू आहे. फक्त ती कोणी ठरवलेली नाही, आणि तिचा खर्च सर्वांत लहान शेतकरी एकटा भरतो आहे.

बांदिवड्याच्या ताम्रपटाकडे या अर्थाने पुन्हा पाहावेसे वाटते. समुद्राकडून जमीन घेणाऱ्याला तेव्हा राजसत्तेने दानपत्र दिले होते. काय द्यायचे, कोणी राबायचे, काय मिळायचे हे त्यात लिहिलेले होते. आता काही जमीन समुद्राला, तिवरांना, पाखरांना परत द्यावी लागणार आहे. त्यासाठीही तितकाच स्पष्ट कागद हवा. कोणता बांध राखायचा आणि कोणता मागे घ्यायचा, हे गावासह आधी ठरवलेले असावे. जिथे राखायचा तिथे जोळीला पुन्हा अधिकार आणि पैसा मिळावा, उघाडीतून भरती आत-बाहेर खेळती राहावी. जिथे मागे घ्यायचा तिथे शेतकऱ्याला जमिनीचे मोल आणि नव्या वनातल्या मासळी-खेकड्यांवर पहिला हक्क मिळावा. मिठागरे आणि पाणथळ शेते 'रिकामी' म्हणून न मोजता किनाऱ्याची पुढची जागा म्हणून मोजली जावीत, आणि धोक्याची रेषा पुन्हा नियमनाची रेषा व्हावी.

खाजण राखणाऱ्यांनी समुद्राला कधी कायमचे हरवले नाही आणि तसा दावाही केला नाही. भांगाच्या भरतीला काठ पाहायचा आणि उधाणाच्या आत चिखल टाकायचा, एवढे त्यांचे वेळापत्रक होते. पुढचे उधाण आता अधिक उंच आहे, आणि काठ पाहण्याची वेळ अजून गेलेली नाही.